पेन्शनीत निघाल्यानंतरची अठ्ठेचाळीस वर्षं



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला : समाज म्हातारपणाकडे कसा पाहतो आणि कृतार्थ आयुष्य कशाला म्हणायचं. आम्ही विचारलं, "यासाठी आम्हीच का?" ते म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि शिवाय आता..." पुढचं त्यांनी सौजन्याने गिळलं. पण आम्हाला ते ऐकू आलं. कान अजून शाबूत आहेत. तर पंचाहत्तरी उलटली आहे, हे आम्हीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला अवघडायला नको.

या विषयावर बोलायचं म्हणजे सकाळी फिरायला जा, मीठ कमी खा, सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नका, असं काहीतरी सांगायची प्रथा पडली आहे. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. आज आपण जरा इतिहासात जाऊ. आमचा प्रश्न साधा आहे. एखाद्या माणसाचं आयुष्य आता संपत आलं, त्याने बाजूला व्हावं, हे ठरवतं कोण? त्याचं शरीर, की त्याच्या भोवतालचे लोक?

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनात केव्हा जावं याच्या खुणा दिल्या आहेत. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालं, की निघावं. आयुष्याचे चार भाग मनूही बोलतो. पण प्रत्यक्ष निघायची वेळ सांगताना तो आकडा देत नाही, आरसा आणि नातवंड दाखवतो. आपण मात्र शाळेत पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार तुकडे पाठ केले. पॅट्रिक ऑलिव्हेल या संस्कृतच्या अभ्यासकाने १९९३ साली आश्रमव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवून दिलं आहे की, सर्वांत जुन्या धर्मसूत्रांत हे चार आश्रम म्हणजे एकामागून एक चढायच्या पायऱ्या नव्हत्याच. त्या चार वाटा होत्या. शिक्षण संपलं की तरुणाने त्यांतली एक निवडायची आणि जन्मभर त्याच वाटेने चालायचं. पायऱ्या नंतर झाल्या. आणि पायऱ्या झाल्यावर 'आता तुमची पायरी बदलली' असं म्हणायची सोय झाली. अर्थात ही सगळी चर्चा वरच्या तीन वर्णांच्या पुरुषांची. बायकांना यांतली कुठलीच वाट नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा हिशोब होता, त्याकडे आपण येऊच.

मग साठ हा आकडा कुठून आला? 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे जुनीच. पण म्हणीने कुणाचा पगार थांबत नव्हता. तो थांबवला आधुनिक सरकारांनी. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला आणि वय ठरलं ७०. त्या वेळी खुद्द बिस्मार्क ७४ वर्षांचा होता आणि खुर्ची सोडायला मुळीच तयार नव्हता! पुढच्या वर्षी तरुण कैसरने त्याला घालवला, ती गोष्ट निराळी. १९१६ साली जर्मनीने ते वय ७० चं ६५ केलं. हे १९१६ साल ध्यानात असू द्या, त्याच वर्षाचं पुण्यात काम आहे.

आपल्याकडे इंग्रजांच्या सरकारी नोकरीत ५५ हे वय रूढ झालं. स्वातंत्र्यानंतरही ते चाललं. केंद्र सरकारने १९६२ मध्ये ते ५८ केलं, १९९८ मध्ये ६०. १९५१ च्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत होते असा नव्हे, लहान मुलं फार दगावत म्हणून सरासरी खाली यायची. तरी पंचावन्नाव्या वर्षी नोकरीतून सुटलेल्या माणसासमोर फार मोठा काळ आहे असं कुणी धरत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक सुमारे १० कोटी ४० लाख भरले. माणसं वाढली, वर्षं वाढली. डोक्यातलं कॅलेंडर मात्र तेच राहिलं.

आमच्या स्वतःच्या बाबतीत सांगायचं तर, आम्ही ६० व्या वर्षी निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि एका सहकाऱ्याने 'सरांनी आता नातवंडांत रमावं' अशी शुभेच्छा दिली. महिनाभराने ग्रंथालयाचं एक पुस्तक परत करायला गेलो, तर फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने विचारलं, "काका, कुणाला भेटायचंय?" त्याची काहीच चूक नव्हती. पण 'सर'चे 'काका' व्हायला तीसच दिवस लागले, याची आम्ही नोंद घेतली.

मराठी माणसाच्या मनात म्हातारपणाचं एक चित्र फार खोल बसलं आहे, ते 'नटसम्राट'चं. कुसुमाग्रजांचं हे नाटक १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं. त्यानंतर कितीतरी घरांत मुलांच्या नावावर घर करायचं की नाही, या चर्चेत गणपतराव बेलवलकर येऊन बसायला लागले. नाटक थोर आहे, वादच नाही. पण त्यामुळे म्हातारपण म्हणजे मुलांनी काय केलं याची कहाणी, अशी आपली समजूत झाली. म्हाताऱ्याने स्वतः काय केलं हा प्रश्न मागे पडला. शिवाय आपले पुजलेले पुरुष पाहा. ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी समाधिस्थ. विष्णुशास्त्री चिपळूणकर ३२ व्या वर्षी गेले. आगरकर चाळिशीही गाठू शकले नाहीत, गोखले पन्नाशी. भराभर जळून गेलेल्या आयुष्यांची आपल्याला ओढ आहे.

आता तो बायकांचा हिशोब.

आमच्या कोकणातल्या घरी वडिलांची एक आत्या होती. सगळे तिला अक्का म्हणत. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. तांबडं आलवण, डोकं भादरलेलं, एक वेळ जेवण. आम्ही तिला पाहिलं तेव्हा ती सत्तरीची असावी. आमच्या आईला एकदा विचारलं, अक्का तरुणपणी कशी दिसायची गं? आई म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हाही अशीच होती, आणि सासूबाई म्हणायच्या की त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हाही अशीच." हे वाक्य आम्ही नंतर पुष्कळ वर्षं मनात बाळगलं. म्हणजे अक्का कधी म्हातारी झालीच नव्हती. तिला अकराव्या वर्षीच म्हातारी करून ठेवली होती. पहाटे उठणं, सोवळ्यातला स्वयंपाक, दुसऱ्यांची बाळंतपणं, पोथी ऐकणं आणि मरणाची वाट पाहणं, हा जो दिनक्रम मनूने पिकल्या केसांच्या पुरुषासाठी निदान सन्मानाने सांगितला होता, तोच तिला परकर-पोलक्याच्या वयात सक्तीने मिळाला.

वार्धक्य ही समाजाने काढलेली आज्ञा असू शकते, हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. ते अक्काकडे पाहून कळलं.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने या आज्ञेविरुद्ध जे केलं, ते आपण 'स्त्रीसुधारणा' या खात्यावर टाकतो. आमच्या मते ते आपल्या विषयाच्या खात्यावरही टाकलं पाहिजे. सावित्रीबाई फुल्यांना १८९० साली वैधव्य आलं, तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. रिवाजाप्रमाणे कोपरा धरायचा. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताकरता त्याच रोगाने, ६६ व्या वर्षी, त्या गेल्या. गोदूबाई ही बालविधवा १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आली, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. हीच पुढची बाया कर्वे, 'माझे पुराण' लिहिणारी. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगा. शिक्षण सुरू केलं ते पंचविशी ओलांडल्यावर. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि १९१८ साली, ४८ व्या वर्षी, इंग्रजीची पुरती तयारी नसताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवले. ज्या बाईचं आयुष्य विसाव्या वर्षी संपलं असं सगळ्या गावाने ठरवलं होतं, तिची ही गोष्ट.

आता अण्णासाहेब कर्वे. त्यांच्याबद्दल शाळेच्या पुस्तकात धडा असायचा, त्यामुळे आपल्याला ते ठाऊक आहेत असं वाटतं. आम्हाला त्यांच्या आयुष्यातली एकच बाजू पाहायची आहे : या माणसाचं घड्याळ जन्मभर समाजाच्या घड्याळाशी जुळलं नाही.

जन्म १८ एप्रिल १८५८. सतराव्या वर्षी सार्वजनिक परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांच्या वर चाल. परीक्षा समितीने पाहिलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परत जा. किरकोळ अंगाचा मुलगा, लहान दिसला म्हणून नाकारला गेला. मॅट्रिक झाले २३ व्या वर्षी, बी. ए. २६ व्या वर्षी. तेव्हाच्या हिशोबाने मागे पडलेला विद्यार्थी. १८९१ साली गोखल्यांनी बोलावलं म्हणून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. त्याआधीच्याच वर्षी टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. तोवर चिपळूणकरांचं सबंध कार्य होऊन ते जाऊनही नऊ वर्षं झाली होती. कर्व्यांचं अजून काहीच सुरू झालेलं नव्हतं. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये हिंगण्याची झोपडी. दिवसा कॉलेजात गणित, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगणे.

१९१४ साली, ५६ व्या वर्षी, ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. इथे कुठलाही सभ्य मनुष्य चरित्राचं शेवटचं प्रकरण सुरू करील. आत्मवृत्तही १९१५ साली लिहून झालं! आत्मचरित्र लिहिणं म्हणजे हिशोब पुरा करून वही मिटणंच. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका हाती आली होती, तिथून ती सुचली. १९१६ साली विद्यापीठ निघालं, पाच विद्यार्थिनींवर. तिकडे जर्मनीत सरकार म्हातारपण पाच वर्षांनी अलीकडे ओढत होतं, इकडे ५८ वर्षांचा एक पेन्शनर पाच मुलींचं विद्यापीठ काढत होता. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. कायद्याची मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. १९२९ साली, ७१ व्या वर्षी, ते जगप्रवासाला निघाले.

बरं, एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. जिथे शाळा नाही अशा खेड्यांत शाळा उघडायची, आणि त्यासाठी पुन्हा वर्गणी मागत फिरायचं. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, समता संघ.

या शेवटच्या गोष्टीपाशी आम्हाला थोडं थांबायचं आहे. हिंगण्याचा आश्रम सुरुवातीच्या काळात मुख्यतः ब्राह्मण विधवांचा होता, ही त्या कार्याची मोठी मर्यादा. ती त्या काळीही लोकांनी दाखवली होती. कर्वे एका वेळी एकच भांडण घेणारे होते. समाजाला जेवढं सोसवेल तेवढंच ढकलायचं हा त्यांचा स्वभाव. आम्हाला तो नेहमीच पटतो असं नाही. फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा समाजाला काय सोसवतं याची चौकशी करत ते बसले नव्हते. पण ८६ व्या वर्षी माणूस जाती मोडण्यासाठी संस्था काढतो, याचा अर्थ आपलं काहीतरी राहून गेलं होतं हे तो स्वतः ओळखतो. म्हातारपणी माणसं आपल्या चुकांना 'तत्त्व' म्हणायला लागतात, आम्ही स्वतःला पुष्कळदा त्यात पकडलं आहे. हिशोब पुन्हा उघडणं हे आम्हाला विद्यापीठ काढण्यापेक्षाही अवघड वाटतं.

आणि दीर्घायुष्याची किंमत? १९५० साली बाया गेल्या. १९५३ साली थोरला मुलगा रघुनाथ गेला, 'समाजस्वास्थ्य' चालवणारा, बापाहूनही एकाकी लढलेला. वडील तेव्हा ९५ वर्षांचे होते. १९५८ मध्ये शंभरी, भारतरत्न, आणि टपाल तिकिटावर चित्र. हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते वारले. तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबरपासून, केंद्र सरकारने निवृत्तीचं वय ५५ चं ५८ केलं. निवृत्तीनंतर कर्वे ४८ वर्षं जगले. फर्ग्युसनमधल्या नोकरीच्या दुप्पट.

इथे टाळ्या वाजवून व्याख्यान संपवता आलं असतं. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला स्वतःच्याच उदाहरणावर शंका घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये वार्धक्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात सोफोक्लिस या नाटककाराची गोष्ट आहे. म्हातारपणी त्याचं घराकडे लक्ष नाही म्हणून मुलांनी त्याला कोर्टात खेचलं; बापाची बुद्धी चळली आहे, कारभार काढून घ्या, अशी मागणी केली. सोफोक्लिसने तेव्हा नुकतंच लिहिलेलं इडिपसवरचं नाटक न्यायाधीशांपुढे वाचून दाखवलं आणि विचारलं, हे बुद्धी चळलेल्याचं आहे का? तो निर्दोष सुटला. गेली दोन हजार वर्षं लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. आम्हीही वर्गात सांगत होतो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, आणि नाटक लिहिलेलं नसतं तर?"

त्या प्रश्नाने आमची बरीच झोप घेतली. नाटक नसतं, तर मुलांचं बरोबर ठरलं असतं का? कर्व्यांचं उदाहरणही असंच वापरलं जातं. बघा, शंभरीपर्यंत काम केलं, तुम्ही काय करताय? म्हणजे आधी समाज म्हणत होता, बाजूला बसा. आता म्हणतो, उपयोगी पडा, तर जागा देऊ. कोर्ट तेच, पुरावा तेवढा नवा मागतात. ज्याचे गुडघे गेलेत, जिची स्मृती गेली आहे, ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून ना पेन्शन मिळवलं ना आत्मवृत्त लिहिलं, त्याने काय वाचून दाखवायचं?

आपला 'कृतार्थ' हा शब्दही बघा. ज्याचं काम झालं तो. पुण्यात पेन्शनरांच्या घरांवर 'श्रमसाफल्य', 'कृतार्थ' अशा पाट्या असायच्या. म्हणजे घर बांधून झालं, मुलं लागली, संपलं. ॲरिस्टॉटलला हे मान्य झालं नसतं. त्याच्या लेखी चांगलं आयुष्य ही चालू असलेली क्रिया आहे, जमा केलेली पुंजी नव्हे. हे आम्हाला पटतं. पण तोच ॲरिस्टॉटल दुसरीकडे म्हाताऱ्यांना संशयी, कंजूष आणि बडबडे म्हणतो. आणि ज्या क्रिया त्याला मोलाच्या वाटतात, त्या सवड असलेल्या अथेन्सच्या नागरिकांच्या. अक्कासारखीला त्याच्या हिशोबात जागा सापडत नाही.

अक्काची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आम्ही सात-आठ वर्षांचे असू. ओटीवर पाटी घेऊन बसलो होतो. अक्का शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मला माझं नाव काढून दाखव." आम्ही 'अक्का' लिहिलं. ती म्हणाली, "हे नव्हे." आणि तिने तिचं नाव सांगितलं. ते आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. घरात कुणीच ते घेत नव्हतं. आम्ही लिहून दिलं. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. घरात कळलं तेव्हा सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आता नाव काढून कुठल्या दस्तावर सही करायची आहे? आम्हीही हसलो. ते हसणं आम्हाला अजून आठवतं, आणि बरं वाटत नाही.

अक्का हसली नाही, रागावलीही नाही. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ती होती. दुपारी सगळी निजली की आमची पाटी घ्यायची, ते नाव लिहायची, फडक्याने पुसायची, पुन्हा लिहायची. त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. तिलाही झाला असं म्हणता येणार नाही. शेवटी शेवटी अक्षर चांगलं वळणदार यायला लागलं होतं.

प्रश्न असतील तर घेऊ.